पोच

पप्पा गेले त्या पहाटे आक्कांनी आमच्या घरात पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी पंखा बंद केला. 11 जून 2019. पाऊस अजून आला नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-बारा माणसं दाटलेली, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. कुणीतरी पुन्हा बटणाकडे हात नेला, तर त्यांनी नुसती मान हलवली. पप्पांच्या पापण्या अलगद मिटल्या, कापसाच्या दोन घड्या पाण्यात भिजवून त्यांवर ठेवल्या, डोक्याखाली आणखी एक उशी सरकवली. मग आईजवळ फरशीवर बसून म्हणाल्या, "सहा तासांच्या आत डोळे देता येतात. द्यायचे का? तू नाही म्हणालीस तरी कुणी तुला बोल लावणार नाही."

आजी कोपऱ्यातून म्हणाली, "डोळ्याबिगर वरची वाट कशी दिसंल माझ्या लेकराला?" आक्कांनी तिला काही समजावलं नाही. तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या. पप्पांना साखर होती, चष्मा होता, म्हणून मला वाटलं त्यांचे डोळे चालणारच नाहीत. दोन्ही चालतात, हे मला त्या दिवशी कळलं. बऱ्याच वेळानं आई बोलली, "द्या. जन्मभर लोकांच्या घरात वायरिंग करत फिरले. कुणाच्या तरी कामी येऊ देत." साडेसातच्या सुमारास नेत्रपेढीची माणसं लहानशी पेटी घेऊन आली आणि अर्ध्या तासात गेली. पप्पांचा चेहरा होता तसाच होता. आजीनं त्यावरून हात फिरवून खात्री करून घेतली.

आक्का म्हणजे आमच्या साताऱ्याच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात एकट्या राहणाऱ्या बाई. नात्याच्या कुणी नव्हेत. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर 31 वर्षं काढून निवृत्त झालेल्या. गल्लीत कुणी गेलं की लोक फुलं, हार, चहाचं पातेलं घेऊन यायचे. आक्का खाकी पाकीट, एक दोनशेपानी वही आणि दोन पेनं घेऊन यायच्या. एक पेन त्यांचं, दुसरं ज्याला सही करायची त्याचं. "अशा वेळी घरात चालणारं पेन कधी सापडत नाही," असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट दोन मिनिटांची होती. घरी मृत्यू झाला की ओळखीच्या डॉक्टरांना बोलवावं लागतं. ते तपासून मृत्यूचं कारण लिहून देतात, त्या कागदावर स्मशानात नोंद होते आणि पुढे नगरपालिकेत मृत्यूची नोंद होते. आमचे डॉक्टर पप्पांना वीस वर्षं ओळखत होते, म्हणून त्यांनी सवयीनं घरातलं हाकेचं नाव लिहिलं. आक्का मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा. आधारकार्ड आणते." आणि आधारवर जसं होतं तसं, काना-मात्रेसकट, वडिलांच्या नावासकट, नवीन कागदावर लिहून घेतलं. मला त्या क्षणी राग आला होता. बाप समोर पडलाय आणि ही बाई वेलांटी तपासतेय! पुढे एका मैत्रिणीच्या घरी दाखल्यावर एक नाव आणि पासबुकावर दुसरं नाव पडलं. दोन्ही एकच माणूस आहे हे पटवून देण्यात त्या घराचं दीड वर्ष गेलं. तेव्हा मला ती वेलांटी आठवली.

संध्याकाळी अंत्यसंस्कार करून संगम माहुलीहून माणसं परत आली. कडुलिंबाचा पाला चावून पांगली. आक्कांनी त्या रात्री आम्हाला एकच नियम सांगितला: सुतकात सही करायची नाही. मृत्यूच्या नोंदीच्या अर्जावर चालेल, बाकी कुठल्याही कागदावर नाही. कुणीही आणला, कितीही जवळच्यानं आणला, तरी "तेरावं झाल्यावर बघू" एवढंच म्हणायचं. दहाव्याच्या दिवशी, कावळा शिवून माणसं हात धुत होती तेव्हा, नात्यातल्या एकानं खरोखरच कागद पुढे केला. जमिनीवरचा आमचा हक्क सोडल्याचा मजकूर टाइप करून आणला होता. आईच्या हातात पेनही दिलं होतं. आईनं ते पेन खाली ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मी आईला इतक्या शांत आवाजात कुणाला नकार देताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट एटीएमची. तेराव्याचा खर्च, जेवणावळ, भटजी, सगळं समोर दिसत होतं. मामा म्हणाला, कार्ड आहे, पिन पोरीला ठाऊक आहे, चाळीस-पन्नास हजार काढून आणू, बँकेला काय कळतंय? सगळीकडे हेच करतात. आक्का म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची सही चालत नाही, तसा त्याचा पिनही चालत नाही. तो मेल्यानंतरच्या तारखेला पैसे निघालेले बँकेला दिसतात, आणि उद्या एखादा वारस उठला तर तुझी भाची चोर ठरते." त्या घरी गेल्या आणि वीस हजार रुपये आणून आईच्या मांडीवर ठेवले. वहीत लिहिलं: उसने 20,000. आईची सही घेतली. सुतकाच्या नियमाला त्यांनी स्वतः केलेला हा एकच अपवाद. म्हणाल्या, "लिहून ठेवलं की तुला ओझं होणार नाही."

पंधराव्या दिवशी त्या आईला घेऊन नगरपालिकेत गेल्या. गल्लीत कुजबूज झाली. महिना झाला नाही, बाई बाहेर पडली! आईच्या हातातल्या बांगड्याही आक्कांनी फोडू दिल्या नव्हत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव 2022 च्या मे महिन्यात केला आणि पेपरांत मोठी बातमी झाली, तेव्हा आईनं ती कापून ठेवली. आक्कांचं म्हणणं मात्र त्या पंधराव्या दिवशी भावनेचं नव्हतं, तारखेचं होतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची. त्यानंतर विलंबशुल्क, तीस दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशावाचून नोंद होत नाही. त्यांच्या टेबलासमोर वर्षानुवर्षांनी येऊन रडलेल्या बायका त्यांना आठवत होत्या. दिवस घालण्यात, माणसांची ऊठबस करण्यात महिना गेला, मग कुणी म्हटलं मुलगा करेल, मुलगा म्हणाला काका करतील, आणि राहून गेलं.

दाखल्याच्या त्यांनी दहा प्रती काढायला लावल्या. मला वाटलं कशाला इतक्या? बँक, पतसंस्था, विमा, तलाठी, गॅस, वीजबिल, रेशनकार्ड, भावाचं कॉलेज, असं करत नऊ संपल्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मूळ कागद दाखवायचा, द्यायचा नाही. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

हा शब्द आमच्या घरात तेव्हा आला. पोच. अर्जाची एक प्रत आपल्याकडे, तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. आईला हे मागायची लाज वाटायची. साहेब चिडतील, म्हणायची. आक्का तिच्या बरोबर जायच्या, पण टेबलापाशी आल्या की दोन पावलं मागे उभ्या राहायच्या. बोलायचं आईनं. सातवी शिकलेली माझी आई, तिला पैसे काढायची स्लिप भरता येत नव्हती. तिची सही दर वेळी वेगळी यायची. आक्कांनी वहीच्या शेवटच्या पानावर तिच्याकडून तीस-तीस वेळा सही गिरवून घेतली. मी म्हणाले, "मी करते ना सगळं, मी शिकलेली आहे." त्या म्हणाल्या, "तू पुण्याला परत जाशील. हिला इथं राहायचं आहे."

बँकेत पप्पांच्या खात्याला आईचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं होतं. तरीही तिथल्या माणसानं कोर्टातून वारस दाखला आणायला सांगितलं. कोर्ट म्हटल्यावर आई परत फिरली होती. आक्कांनी मागूनच तिला सांगितलं, "लेखी मागून घे." आईनं म्हटलं, "साहेब, कुठला दाखला, कशासाठी, तेवढं लिहून द्या." त्यानं काही लिहून दिलं नाही. आत गेला, बाहेर आला आणि साधा फॉर्म दिला. नामनिर्देशन असेल आणि कागद पूर्ण असतील तर पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना फार आधीपासून सांगून ठेवलं आहे. कोर्टाचा दाखला साधारणपणे लागतो तो नामनिर्देशन नसलेल्या मोठ्या रकमांना, शेअर-रोख्यांना आणि वारसांत वाद असेल तिथं. आता तर खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात. पण पैसे हातात आल्यावर आक्कांनी आईला बसवून आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगणारं दुसरं कुणी मला अजून भेटलं नाही. "तुझं नाव लागलंय म्हणजे पैसे तुझ्या एकटीचे झाले, असं नाही. तू विश्वस्त. घ्यायचे तू, पण वाटा सगळ्या वारसांचा." नॉमिनी हा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या डिसेंबरात पुन्हा एकदा सांगितलं. आमच्या फरशीवर ते चार वर्षं आधी सांगून झालं होतं.

पासबुकाची गोष्ट मी कधीही विसरणार नाही. आक्का चष्मा लावून पाच वर्षांच्या नोंदी एकेक ओळ वाचत होत्या. आम्ही शिल्लक किती ते पाहून पासबुक मिटलं होतं. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीला 330 रुपये वजा झालेले दिसत होते. शेवटची वजावट पप्पा जायच्या जेमतेम दोन आठवडे आधीची. "हे काय ते ठाऊक आहे?" आम्हाला ठाऊक नव्हतं. 2015 मध्ये बँकेत कसलासा मेळावा झाला होता आणि पप्पांनी तिथं एक फॉर्म भरला होता. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. पन्नाशीच्या आत घ्यायचा, पंचावन्नपर्यंत चालतो, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात. पप्पा 52 वर्षांचे होते. बँकेनं स्वतःहून एक शब्द काढला नव्हता. आता तो हप्ता 436 रुपये आहे. आई पुन्हा गेली, पोच घेतली, पुन्हा गेली, पुन्हा पोच घेतली. ऑगस्टमध्ये दोन लाख रुपये आले. माझ्या भावाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष त्या तीन आकडी ओळीवर झालं. तिच्याखालीच बारा रुपयांची आणखी एक ओळ होती, तीही आक्कांनी दाखवली. तो अपघाताचा विमा. आम्हाला लागू नव्हता, पण दुसऱ्या एखाद्या घराला लागू असतो, म्हणून लिहून ठेव म्हणाल्या.

पप्पांचा मोबाइल बंद करायला आम्ही निघालो होतो. आक्कांनी उलट त्यात रिचार्ज मारायला लावला. ओटीपी त्याच नंबरवर येणार होते. त्यामुळे तो फोन पुढे आठ महिने आमच्या घरात वाजत राहिला. "मोटर जळलीय, कधी येताय?" असं कुणी विचारायचं आणि आई सांगायची, ते गेले. पहिल्या महिन्यात ती हे सांगताना फोन माझ्या हातात द्यायची. नंतर स्वतः सांगायला लागली आणि नंतर तर विचारायला लागली की त्यांचं काही येणं राहिलं होतं का. पप्पांच्या डायरीत गिऱ्हाइकांच्या नावापुढं आकडे होते. आक्कांनी त्याचे दोन रकाने केले, येणं आणि देणं. बहुतेक लोकांनी घरी आणून पैसे दिले. एकाला तर आम्ही विचारलंही नव्हतं. देणेकरीही आले. एकानं चाळीस हजार सांगितले, कागद नव्हता. आक्कांनी त्याला नम्रपणे चहा दिला आणि लेखी काही असेल तर घेऊन या म्हणून सांगितलं. तो परत आला नाही. गेलेल्या माणसाचं कर्ज त्यानं मागं ठेवलेल्या मिळकतीतून फेडायचं असतं, बायकोच्या गळ्यातल्या मण्यांतून नाही, हे वाक्य त्यांचं. जिथं कागद होता तिथली पै अन् पै मात्र त्यांनी आईला आधी द्यायला लावली.

आणि जमीन. कोरेगाव तालुक्यात गावाकडे चुलत्यांबरोबर सामाईक साडेतीन एकर. वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. तो ती वारस नोंदवहीत घेतो, फेरफार धरतो, नोटिसा निघतात, हरकतीचे दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. चुलते म्हणाले, "पोराचं नाव लावा की. पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जायची." त्यांच्या मनात वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. गावात तेच होत आलं होतं. आक्का म्हणाल्या, महाराष्ट्रानं मुलीला मुलाइतका हक्क 1994 मध्ये दिला, सगळ्या देशानं 2005 मध्ये. मग त्यांनी वहीत चार नावं लिहिली. आई, मी, भाऊ आणि चौथं आजीचं. आम्ही सगळेच बघत राहिलो. मुलगा गेला तर त्याच्या बायकोमुलांइतकीच त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा गेले तेव्हा सातबारावर फक्त मुलांची नावं चढली होती, तिला कुणी विचारलंही नव्हतं. त्या वर्दीवर, वयाच्या ऐंशीच्या घरात, आजीनं पहिल्यांदा जमिनीच्या कागदावर अंगठा उठवला. घरी येऊन तिनं शाई धुतली नाही. "लेकरू जाऊन जमीन मिळाली," एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही.

मी आक्कांचं ऋण म्हणते ते या सगळ्याचं. सांत्वनाला तेव्हा शेकडो माणसं आली, त्यांचंही ऋण आहेच. पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी आईला सांगितलं, तू काळजी करू नकोस, आम्ही आहोत. आक्कांनी असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी तिला टेबलापुढं उभं केलं. आधार देणारी माणसं पांगतात, त्यात त्यांचा दोष नसतो. आईच्या हाताला लागलेली सही मात्र राहिली. आता आमच्या गल्लीत कुणी गेलं की ती वही आईच्या हातात असते. पंखा बंद करणारीही तीच.

वीस हजार आम्ही सप्टेंबरातच परत केले होते. आक्कांनी वहीतल्या त्या ओळीवर काट मारून "पावले" असं लिहिलं आणि खाली सही केली. बाकीचं कसं फेडायचं, हा प्रश्न मात्र माझ्या मनात होता. मला वाटायचं, त्यांना पोटचं कुणी नाही. त्यांची वेळ आली की निदान कागद तरी आपण करू. 2022 च्या डिसेंबरात त्या झोपेतच गेल्या. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली आणि ओ आली नाही. आई गेली, मागोमाग मी पुण्याहून पोहोचले. कपाटात वरच्याच खणात खाकी पाकीट होतं. आधारची प्रत, पेन्शनचा आदेश क्रमांक, पेन्शन थांबवण्यासाठी लिहिलेला अर्ज, दोन बँका, दोन्हीकडे भाच्याचं नाव, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर, नोंदणी केलेलं मृत्युपत्र, आणि नगरपालिकेचा मृत्यू नोंदणीचा फॉर्म. सगळा त्यांच्या अक्षरात भरलेला. तारखेची जागा तेवढी कोरी. माझ्यासाठी त्यांनी काम म्हणून काही ठेवलंच नव्हतं.

पाकिटात देहदानाचं संमतिपत्र होतं, त्यावर भाच्याचीही सही. डोळे आधी गेले. मग डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, आधार आणि ते संमतिपत्र घेऊन आम्ही शववाहिकेतून वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. शरीररचनाशास्त्र विभागात एक तरुण कारकून होता. त्यानं कागद तपासले, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि झालं, तुम्ही निघालात तरी चालेल, असं हात जोडून सांगितलं. भाचा वळला. आई टेबलापाशीच उभी राहिली.

"पोच द्या," ती म्हणाली.

त्यानं देह मिळाल्याचं पत्र तयार केलं, शिक्का मारला, तारीख घातली, जावक क्रमांक टाकला. आईनं काना-मात्रा तपासल्या. आक्कांचं नाव आधारवर होतं तसंच होतं. मूळ पत्र भाच्याकडे दिलं. त्याची प्रत वहीत, 20,000 च्या त्या ओळीसमोरच्या पानावर चिकटवलेली आहे.